मलमलीची पुडी

शुक्रवार, ३ नोव्हेंबर २०००

भिकाजी गावाहून परत आले. आईने त्यांच्याबरोबर पाठवलं ते —

गूळ, लहान ढेप — ५५ रु.
कांदा-लसूण मसाला, दोन किलो — २४० रु.
उडदाचे पापड, पन्नास — घरचे.
वाती, एक हजार — आईने स्वतः वळलेल्या.
वाडीच्या दत्तमहाराजांचा अंगारा, मोठी पुडी — किंमत नाही.

भिकाजींचा शारजात मसाल्यांचा धंदा, दर दोन महिन्यांनी जाऊन येतात. वजनाचे ऐंशी दिरहम घेतले. म्हणजे हजार रुपयांच्या वर! "वहिनी, विमानवाल्यांनी माझ्याकडून घेतले, मी तुमच्याकडून." अंगाऱ्याचं वजन त्यात धरलं का, विचारलं. हसले, आणि पाच दिरहम परत दिले. माणूस वाईट नाही.

अंगारा देव्हाऱ्यात ठेवला. गेल्या दिवाळीत हे इथे एकटे, मी आणि पर्णिका कुरुंदवाडला. यंदा तिघं एका छताखाली. उम्म अल कुवैनसारखं शांत गाव, दोन खोल्या, खिडकीतून समुद्राची पट्टी दिसते. महाराज, तुमचे उपकार.

रविवार, ५ नोव्हेंबर

आईचं पत्र आजच नीट वाचलं. विचारते — जावई काचेच्या कारखान्यात म्हणजे बांगड्या करतात का? हसू आवरेना. पर्णिकाला वाचून दाखवलं. "आई! इट्स फॉर कम्प्युटर्स! टेल आजी!" बाराव्या वर्षी हिला सगळं माहीत.

काय लिहावं आईला? चकती असते. वाटीच्या तोंडाएवढी, मध्ये भोक, कागदाच्या पुठ्ठ्याइतकी जाड. कम्प्युटरच्या पोटात फिरते, सगळा मजकूर तिच्यावर साठतो. घासतात, चकाकवतात, मग चारशे डिग्रीच्या वितळलेल्या क्षारात बुडवतात. साधं मीठ नव्हे, वेगळा क्षार. त्यात काच कणखर होते. एका पेटीत पंचवीस चकत्या, सगळ्या हुबेहूब. हे जाडी मोजायला असतात. म्हणतात, केसाचे शंभर भाग केले तर एका भागाचाही फरक नको. चकतीच्या वरून एक सुई फिरते, न टेकता. धुळीचा कण असला तरी सुई आपटते आणि सगळं साठवलेलं जातं.

मला ते लगेच कळलं. पापडाची एक लाटी जाड राहिली तर तळताना कळतेच की!

यांनी एप्रिलमध्ये नापास झालेली एक चकती घरी आणली. विचारून आणली. तिच्यावर निरांजन ठेवते. ज्योत खालीही दिसते, वरही दिसते. कुठे नापास झाली ती, मला तर अजून दिसलेलं नाही.

गुरुवार, ९ नोव्हेंबर

आज मनातलं एक काम केलं. लिहून ठेवते.

कंपनी प्रत्येकाला तीन पांढऱ्या टोप्या देते, डोक्याचा केस-कोंडा पडू नये म्हणून. घरी धुवायच्या. खैरुद्दीनच्याही मीच धुते. वरच्या मजल्यावर कंपनीच्या खोलीत एकटा राहतो, बायको सायरा दापोलीला. भट्टीवर काम करतो — चकत्या घोडीत, म्हणजे खाचांच्या चौकटीत, लावायच्या आणि घोडी क्षारात सोडायची. तिन्ही टोप्यांना मी रंगीत दोऱ्याची खूण केली आहे. निळी, लाल, पिवळी. शनिवारी निळी, रविवारी लाल, सोमवारी पिवळी, मंगळवारपासून पुन्हा तोच क्रम. म्हणतो, "वहिनी, तुमच्या रंगानं घालतो. चुकलो तर तुम्ही ओरडाल." म्हणजे पिवळी गुरुवारीही येते. महाराजांचा वार.

ऑगस्टमध्ये पर्णिका तापाने फणफणली, डोळे फिरवले. हे रात्रपाळीला. मी ओरडले तो खैरुद्दीन अनवाणी खाली आला. कंपनीची पिकअप न विचारता काढली, तिला मांडीवर घेऊन मी मागे. डॉक्टर म्हणाले, अर्धा तास उशीर झाला असता तर! पिकअप नेली म्हणून त्याचा तीन दिवसांचा पगार कापला. हे आम्हाला कळलं महिन्याने, तेही दुसऱ्याकडून. विचारलं तर म्हणाला, "कोण सांगत होता? खोटारडा आहे तो."

त्या माणसाचं मी काय करू शकते? डबा देते, टोप्या धुते. ते काही फेडणं नव्हे.

तर अंगारा. यांच्या तिन्ही टोप्यांच्या कपाळपट्टीत एकेक चिमटीची पुडी घातली, वर दोन टाके. आणि एक खैरुद्दीनच्या पिवळीत. सांगितलं नाही. त्याचा धर्म वेगळा, उगाच संकोच. आगीजवळ काम करतो, महाराजांनी सांभाळावं इतकंच.

यांच्या पुड्या माझ्या लग्नातल्या शालूच्या रेशमाच्या. खैरुद्दीनची जुन्या मलमलीची. रेशीम चौथीलाही पुरलं असतं. पण उरलेलं पादुकांच्या आसनाला ठेवलं.

मंगळवार, १४ नोव्हेंबर

काही विशेष नाही. मासळी स्वस्त, पण आम्हाला काय त्याचं! पर्णिकाला गणितात पैकीच्या पैकी.

शुक्रवार, १७ नोव्हेंबर

धुण्याआधी पुड्या काढल्या. यांच्या तिन्ही जशाच्या तशा. खैरुद्दीनची निम्मी रिकामी!

दोनदा पाहिलं. शिवण शाबूत, गाठ शाबूत. मग अंगारा गेला कुठे? अंगावर काटा आला. त्याच्यावर काही येणार होतं, ते महाराजांनी झेललं. देव्हाऱ्यासमोर बसून नमस्कार केला. धुऊन झाल्यावर या वेळी दुप्पट भरून शिवली.

बुधवार, २२ नोव्हेंबर

यांनी जेवताना सांगितलं — सिंगापूरच्या गिऱ्हाइकाने माल परत पाठवला. चकत्यांवर बारीक फोड. डोळ्याला दिसत नाहीत, दिव्याखाली धरलं की दिसतात. क्षारात बुडवायच्या आधी काहीतरी चिकटलं, तर तिथे काच नीट कणखर होत नाही.

"सगळ्या चकत्यांवर?"

"तेच तर कळत नाही. काही पेट्या एकदम स्वच्छ. काही पेट्यांत दहा-दहा."

मॅनेजर लिम साहेब, तेही सिंगापूरचेच. म्हणाले, महिनाभरात कारण सापडलं नाही तर ऑर्डर गेली. ऑर्डर गेली तर एक भट्टी बंद.

महाराज, लक्ष असू द्या.

शुक्रवार, २४ नोव्हेंबर

खैरुद्दीनची पुडी या वेळी जवळजवळ रिकामी. दुप्पट भरली होती तरी! केवढं संकट असेल त्याच्यावर. पुन्हा भरली, गच्च.

सोमवार, २७ नोव्हेंबर

रमजान आजपासून. आणि कालनिर्णयात पाहिलं तर मार्गशीर्षही आजपासूनच! दोघांचा चंद्र एकच. किती बरं वाटलं.

गुरुवार, ३० नोव्हेंबर

मार्गशीर्षातला पहिला गुरुवार. माझा उपास, खैरुद्दीनचा रोजा. संध्याकाळी त्याला खालीच बोलावलं. अजान झाली, त्याने खजूर तोंडात टाकला आणि मी ताट पुढे केलं — साबुदाण्याची खिचडी, रताळ्याचा कीस, वऱ्याचे तांदूळ, दाण्याची आमटी, बटाट्याची भाजी, केळं.

ताटाकडे बघत राहिला. "वहिनी, हे सगळं उपासाचं?"

"हो."

"मग जेवता तेव्हा काय खाता?"

हे ठसका लागेपर्यंत हसले. पर्णिका म्हणाली, "अंकल हॅज अ पॉईंट!" मीही हसले. किती दिवसांनी यांना असं हसताना पाहिलं. कारखान्याचं नाव कोणी काढलं नाही.

सोमवार, ४ डिसेंबर

कारखान्यात धागा सापडला म्हणे. फोड फक्त दिवसपाळीच्या पेट्यांवर. दिवसपाळीला घोडी लावणारा एकच — खैरुद्दीन.

आणि वारही सापडले. सोमवार आणि गुरुवार. लिम साहेब म्हणाले, गुरुवारी अर्धा दिवस, याला घरी जायची घाई. हे म्हणाले, मग सोमवारचं काय? साहेब म्हणाले, "तुझा दोस्त आहे म्हणून बोलतोस."

खैरुद्दीनला केबिनमध्ये बोलावलं. हात धुतोस का, तोंडाला फडकं बांधतोस का, तिथे काही खातोस का. रोज्यात खाईल काय तो!

हे म्हणतात, "तोंडातून शब्द काढला नाही. निदान नाही तरी म्हण ना!"

गुरुवार, ७ डिसेंबर

खैरुद्दीनचं खलास. व्हिसा रद्द. सोमवारचं तिकीट.

संध्याकाळी टोप्या घेऊन आला. धुऊन कंपनीत जमा करायच्या आहेत म्हणे. मी रडायला लागले तर म्हणाला, "वहिनी, दोन वर्षांत घर बघितलं नाही. फुकट तिकीट मिळतंय, नशीब समजा." सायराला बरं नसतं, धाकटी पोर अजून त्याला ओळखत नाही, हे सगळं हसत सांगितलं. घराचं छप्पर अर्धं झालंय, ते मात्र सांगितलं नाही. ते मला यांच्याकडून माहीत.

उपासाचं ताट दिलं. सगळं खाल्लं. जाताना देव्हाऱ्याच्या बाजूला बघून म्हणाला, "ह्यांना माझ्याकडनं सलाम सांगा. माझ्यावर राग नाही ना त्यांचा?"

"राग कशाचा, भाऊ?"

"असंच."

शुक्रवार, ८ डिसेंबर

टोप्या धुतल्या. पिवळीची कपाळपट्टी एका बाजूने उसवलेली, पुडी नाही. टाके सैल पडले असतील, कुठेतरी गळून गेली. म्हणूनच ओढवलं हे त्याच्यावर! मी टाके घट्ट घालायला हवे होते.

सोमवार, ११ डिसेंबर

दत्तजयंती. पाळणा म्हटला. त्याच वेळी त्याचं विमान.

गुरुवार, १४ डिसेंबर

गिऱ्हाइकाच्या प्रयोगशाळेचा कागद आला. हे कोट न काढताच सांगत सुटले.

"राख आहे! फोडांखाली राख. लाकूड, शेण, असलं जळून होते तसली. आता बोल! भट्टीच्या खोलीत विडी ओढत होता खैरुद्दीन. आणि मी त्याची बाजू घेऊन भांडलो!"

मी म्हटलं, "तो विडी ओढत नाही."

"लपून ओढत असेल. लिम साहेब म्हणाले, बघ तुझा दोस्त."

हातातलं उलथनं खाली ठेवलं. भाजी करपली. हे म्हणाले, लक्ष कुठे आहे तुझं?

शेण. वाडीच्या धुनीत गोवऱ्याच असतात.

शुक्रवार, १५ डिसेंबर

हे आणि पर्णिका बाजारात गेले. मी दार लावून घेतलं.

निरांजनाखालची चकती काढून स्वच्छ पुसली. मलमलीच्या त्याच तुकड्याची पुडी केली, अंगारा भरला, चकतीवर धरून बोटाने हळूच टिचकी मारली. माणूस वाकला की बसेल एवढीच.

काचेवर धुकं बसलं.

मग रेशमाची पुडी. दहा टिचक्या. काच स्वच्छ.

रोजनिशी काढली. ९ तारखेचं पान. माझंच अक्षर. *रेशीम चौथीलाही पुरलं असतं.* सोमवार-गुरुवार म्हणजे पिवळी टोपी. हे माझ्याशिवाय कुणाला कळणार? त्या टोप्यांचा क्रमच मी लावलेला! आणि १७ तारीख — *महाराजांनी झेललं.* झेललं कसलं, सगळं चकत्यांवर सांडत होतं! मी दुप्पट भरत गेले आणि फोड दुप्पट होत गेले.

यांच्या अंगभर झगा आणि टोपीवर टोप असतो, म्हणून काही पडलं नसतं. भट्टीच्या खोलीत उकाडा. तिथे नुसती टोपी.

देवाकडे बघवेना.

शनिवार, १६ डिसेंबर

विभावरीला फोन केला. शारजात अल मजाजला राहते, माझ्या आधी दहा वर्षं इथे. नाव न घेता विचारलं — एखाद्या बाईच्या चुकीने कुणाची नोकरी गेली, आणि पुरावा काहीच राहिला नसेल, तर?

"पुरावा नाही ना? मग गप्प बस म्हणावं तिला. इथे एकाची गेली तर एकाची जाते, उगाच दुसऱ्याची कशाला? नवऱ्याचा व्हिसा गेला की बायको-पोर तीस दिवसांत बाहेर. पोरीची शाळा अर्ध्यात." मग थांबून म्हणाली, "शालिनी, ती बाई तू तर नाहीस ना?"

मी फोनचे पैसे वाढतात म्हणाले आणि ठेवला.

रविवार, १७ डिसेंबर

यांना सांगितलं. चकती, दोन्ही पुड्या समोर ठेवून.

चकती उचलून दिव्याखाली धरली. मग पहिला प्रश्न — "माझ्याही टोपीत?"

"तिन्ही टोप्यांत."

"मला सांगितलं असतंस तर!" ओरडले. लग्नाला चौदा वर्षं झाली, असे ओरडले नव्हते. "मी तिथे केसाचा शंभरावा भाग मोजतो, आणि डोक्यावर राख घेऊन फिरतो!"

मी म्हटलं, मी लिम साहेबांना सांगणार.

"सांगून काय होणार? तो गेला. आता मी जाईन. आपण तिघं जाऊ. कुरुंदवाडला कुठली नोकरी ठेवली आहे माझ्यासाठी?"

खरं होतं. पर्णिका दारात उभी होती, आम्हाला दिसलीच नाही. म्हणाली, "बट बाबा, दॅट्स नॉट फेअर टू अंकल." मग माझ्याकडे बघून मराठीत — "त्यांनी मला उचलून नेलं होतं."

कुणी जेवलं नाही.

मंगळवार, १९ डिसेंबर

सकाळी आंघोळ करून, नमस्कार करून, नऊवार नाही पण चांगली साडी नेसून निघाले. पिशवीत यांची टोपी, मलमलीची पुडी, चकती. दार उघडलं तर हे बाहेर उभे. कामावर गेले नव्हते. म्हणाले, "तुझ्या इंग्रजीवर सोडलं तर साहेब मलाच विडीवाला समजतील. चल."

रस्ताभर पिशवी यांनी घेतली.

लिम साहेब बारीक, शांत माणूस. मी माझ्या मॅट्रिकच्या इंग्रजीत सुरुवात केली, दोन वाक्यांत संपली, पुढचं यांनी सांगितलं. माझ्यासमोर, काही न वगळता. रेशीम आणि मलमलही. ते सांगताना यांनी माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली.

साहेब रागावले नाहीत. पुडी घेऊन आतल्या खोलीत नेली, काळ्या काचेवर टिचकी मारली, मोठ्या भिंगाखाली ठेवली. बघितलं. मग मला खुर्ची दिली आणि म्हणाले, "मॅडम, लुक."

डोंगर होते! करडे, काळे, पांढरे, कडा तुटलेले डोंगर. चिमूटभर अंगारा. रोज कपाळाला लावते तो. मी भिंगातून डोळा काढला तेव्हा डोळ्यांत पाणी होतं, भीतीने का कशाने सांगता येत नाही. महाराज, तुमचं एवढं मोठं रूप मी कधी पाहिलं नव्हतं, आणि पाहिलं ते या कारणाने.

साहेब यांना काहीतरी म्हणाले. यांनी मला सांगितलं — "म्हणतात, चार आठवडे हे शोधतोय. कुणी सांगितलं नसतं तर भट्टी उखडून नवी बसवली असती."

शिक्षा झाली. यांना ताकीदपत्र, आणि दोन वर्षं पगारवाढ नाही. टोप्या यापुढे कंपनीतच धुतल्या जाणार, सगळ्यांच्या. आणि खैरुद्दीनच्या नावावरचा ठपका पुसला. त्याचा नवा व्हिसा काढणार, महिनाभर लागेल. साहेब म्हणाले, तो यायला तयार आहे का, ते मात्र तुम्ही विचारा.

बाहेर आलो. हे म्हणाले, "भूक लागलीय." कोपऱ्यावरच्या मलबारी हॉटेलात चहा-पराठा घेतला. पाच दिरहम. बाहेर खायला मी कधी तयार नसते. आज दोन पराठे खाल्ले.

नोकरी राहिली. आम्ही तिघं राहिलो. महाराज!

शुक्रवार, २२ डिसेंबर

खैरुद्दीन आणि सायराला पत्र. चार पानं. सगळं लिहिलं, परत यायला तयार आहात का तेही विचारलं. अंगारा विचारल्याशिवाय शिवला, ती पहिली चूक. पुडी रिकामी होत होती तेव्हा डोकं चालवलं नाही, ती दुसरी. आणि तिसरी, यांना म्हटलं तरी लिहू नको म्हणाले, पण लिहिली — रेशीम होतं, आणि मी तुमच्यासाठी मलमल घेतली. माझ्या मुलीला ज्याने उचलून नेलं त्याच्यासाठी जुनी मलमल. ती धुतलेली, स्वच्छ होती, एवढंच सांगू शकते.

पगार कापला होता ते तीन दिवसही लिहिले. तुम्ही न सांगता केलंत, मी न सांगता बिघडवलं.

शनिवारी टपालात.

बुधवार, २७ डिसेंबर

ईद. वरची खोली बंद. शेवया केल्या, देव्हाऱ्यासमोर ठेवल्या. महाराजांनी काही मनाई केली नाही.

सोमवार, ८ जानेवारी २००१

पत्र नाही. हे म्हणतात, दापोलीचं टपाल होडीने येतं की काय! नव्या पेट्या सिंगापूरला गेल्या, एकही फोड नाही. सोमवारच्याही नाहीत, गुरुवारच्याही नाहीत. लिम साहेबांनी यांच्या हाती एक चकती पाठवली, पास झालेली. "फॉर मॅडम." निरांजन अजून जुन्या चकतीवरच ठेवते. नवी फडक्यात गुंडाळून ठेवली आहे. ती इतकी स्वच्छ आहे की हात लावायची भीती वाटते.

उरलेल्या रेशमाला आसनासाठी कात्री लावली नाही.

गुरुवार, १८ जानेवारी

सायराचं पत्र आलं. आहे तसंच उतरवून ठेवते.

"शालिनीवहिनींना सायराचा सलाम. तुमचं पत्र ह्यांनी वाचून दाखवलं. ते फेब्रुवारीच्या बावीस तारखेला निघतात. एक तुम्हाला ठाऊक नाही, ते सांगत नव्हते, मी सांगते. पुडी गळली नाही. पट्टीत काही आहे, हे त्यांना पहिल्याच सोमवारी बोटाला लागलं होतं. वहिनींनी काही बांधलं असेल म्हणून राहू दिलं. साहेबांनी केबिनमध्ये बोलावलं त्या दिवशी बाहेर येऊन टोपी झटकली, राख पडली, तेव्हा कळलं. गुरुवारी तुमच्याकडे यायच्या आधी टाके उसवले आणि पुडी खिशात घातली. मला म्हणाले, मी एकटा आहे, खाली तिघं आहेत. वहिनी, पुडी माझ्याजवळ आहे. मलमलीचं काय मनावर घेता, आमच्या ट्रंकेत ती माझ्या लग्नाच्या ओढणीत बांधलेली आहे. त्यांच्याबरोबर परत पाठवू, की इथंच राहू दे? माझ्या मनात राहू दे असं आहे. उलट टपाली कळवा."